गुरुवारी सहा ते आठ

ग्रिम्सबीत मासळीचा लिलाव पहाटेच उरकतो,
मग दिवसभर वाऱ्याला काम उरत नाही,
बंद दुकानांची शटरं वाजवत हिंडतो.
जुन्या चॅपलच्या मागे आमची सायकलींची शेड.
ग्रीसचा वास, एक हीटर, सात खुर्च्या,
त्यातली एक डुगडुगणारी. ती माझी.

बत्तीस वर्षं मी औषधांच्या दुकानात गोळ्या मोजल्या.
सायकल मला फक्त चालवता येते, तीही उताराला.
तरी घेतलं मला. दोन शनिवार शिकवणी, एक निळी फाइल:
सल्ला देऊ नये.
गुपित राखायचं वचन देऊ नये.
शांतता भरून काढू नये.
शेवटच्या ओळीखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली.
आमच्या घरात शांतता म्हणजे
अभ्यास चाललाय, असं समजायची पद्धत होती.

डेक्लन, वय सोळा. बाह्या ओढून तळव्यांपर्यंत आणलेल्या.
"ऑलराइट," म्हणाला.
इथे तो प्रश्न असतो, उत्तर असतं,
आणि आतून लावायची कडीही.
मी मनात मराठी केलं: बरा.
बरा म्हणजे दुखण्यातून उठलेला.
बरा म्हणजे जेमतेम, चालवून घेण्याजोगा.
यातला कुठला, ते मला विचारता येईना,
म्हणून विचारलं, पंक्चर कसं काढतात?

त्यानं ट्यूब बादलीत दाबून धरली.
"बघत राहा. घाई केली की दिसत नाही."
एक बुडबुडा. मग त्याच जागी दुसरा.
मला लगेच एक उपमा सुचली.
गिळली.
बादलीत पाणी होतं, पाणीच राहू दिलं.

ऑक्टोबरात दोन गुरुवार तो आला नाही.
शॅनिस म्हणाली, मेसेज वाचल्याची खूणही नाही.
फाइलीत लिहिलंय तसं मी केलं:
फोन ऑफिसला, ऑफिसचा त्याच्या आईला, आईचा डॉक्टरला.
डॉक्टरांच्या यादीत त्याचा नंबर मार्चमध्ये.
मार्च!
मधे किती गुरुवार येतात, कुबानं बोटांवर मोजले,
बोटं संपली, बूट काढायला लागला.

मग टेरेन्स उठला.
चाळीस वर्षं ट्रॉलरवर काढलेला माणूस,
जमिनीवर आल्यावरही फार बोलत नाही.
एक वाकडं चाक खांद्याला अडकवून चालू लागला,
मागून आम्ही तिघं, धुक्यातून,
वरातीसारखे, नवरदेव नसलेल्या.

दार आईनं उघडलं. "वर आहे," एवढंच.
टेरेन्स जिन्याकडे तोंड करून ओरडला,
"चाक सरळ होईना आमच्याच्यानं!"
डोळे मिटून केलं असतं त्यानं, आम्हाला ठाऊक होतं.
वरून काही नाही.
शॅनिसनं तोंड उघडलं, मी तिचा हात दाबला.
किती वेळ, ते माहीत नाही. माझे गुडघे सांगतील.

मग पायरी वाजली.
केस चिकटलेले, पाय अनवाणी.
उंबऱ्यातच बसला, चाक बोटांत धरून फिरवलं,
कान लावून ऐकलं.
"तीन स्पोक ढिले आहेत. हात कुणी लावला याला?"
"मी," मी म्हणाले.
खरंच मी लावला होता.
तो हसला नाही. पण स्पॅनर मागितला.

त्या रात्री कॅलगरीला फोन लावला, तिथे दुपार होती.
म्हटलं, सतरा वर्षांचा होतास ना,
दार लावून बसायचास,
मी ताट बाहेर ठेवून परत फिरायचे.
काय होत होतं रे तुला तेव्हा?

पलीकडे शांतता.
मी ती भरली नाही. डुगडुगत बसले.

"थांब हं, आई," तो म्हणाला,
"जरा दार लावून घेतो."